माद्रिद ते बार्सेलोना रेल्वेने : कुठली गाडी, कधी तिकीट, सामानाचं काय?

मधुमालती | ९ मार्च, २२:४०

मंडळी, मे महिन्यात स्पेनचं ठरतंय. मुंबईहून माद्रिदला उतरायचं, तिथलं बघून झालं की बार्सेलोना, आणि परतीचं विमान बार्सेलोनाहूनच. मधला टप्पा रेल्वेने करावा असं माझं मत. नवरा म्हणतो विमान बरं, तासाभरात पोचू.

आम्ही सहा जण आहोत. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक, साबा (सासूबाई), साबु (सासरेबुवा) आणि नणंद. साबुंचा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो. साबांना मांस-मासे तर नाहीच, अंडंही चालत नाही. मोठ्या बॅगा चार, शिवाय प्रत्येकाच्या पाठीवर एकेक. व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, म्हणजे तिकिटं आत्ता काढावीत की थांबावं तेही कळत नाहीये.

साइटवर बघितलं तर एकाच दिवशी एकाच मार्गावर तीन-तीन कंपन्या दिसतात आणि दर १९ युरोपासून १२० युरोपर्यंत! हे काय गौडबंगाल आहे? सध्या शुक्रवारी संध्याकाळची गाडी मनात आहे, म्हणजे माद्रिदचा शेवटचा दिवस पूर्ण मिळेल. कुणी केलाय का हा प्रवास?

रेल्वेवेडा | १० मार्च, ००:१५

आला, माझा धागा आला!

नवऱ्याला सांगा, या मार्गावर विमानाचा हट्ट खुद्द स्पॅनिश लोकांनी सोडलाय. इबेरिया कंपनीने १९७४ मध्ये इथे 'पुएन्ते आएरिओ' सुरू केला. आधी आरक्षण न करता विमानतळावर जायचं आणि पुढचं जे विमान असेल त्यात बसायचं, अशी ती सेवा होती, आणि हा युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एक होता. २० फेब्रुवारी २००८ ला वेगवान रेल्वे थेट बार्सेलोनापर्यंत पोचली आणि चित्र पालटलं. अंतर ६२१ किमी. मध्ये न थांबणारी गाडी अडीच तासांत पोचवते, थांबत जाणारी तीन-सव्वातीन तासांत.

विमानाचा तास हा फक्त हवेतला. बाराखास विमानतळ गाठा, चार बॅगा चेक-इन करा, थांबा, उडा, उतरा, पट्ट्यासमोर बॅगांची वाट बघा, मग एल प्रात विमानतळावरून शहरात या. उलट माद्रिदचं आतोचा स्टेशन प्रादो संग्रहालयापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे आणि बार्सेलोनाच्या सांत्स स्टेशनच्या खाली मेट्रो.

आता दरांचं गौडबंगाल. २०२१ पर्यंत इथे एकट्या रेन्फेची, म्हणजे सरकारी रेल्वेची, 'आवे' धावायची आणि तिकीट चांगलंच महाग असायचं. मे २०२१ मध्ये फ्रेंच सरकारी रेल्वेची 'विगो' उतरली. तिच्याशी स्पर्धेत रेन्फेनेही दीड महिन्यात 'आवलो' ही स्वस्तातली गाडी काढली. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'इर्यो' आली, तिच्यात इटलीच्या त्रेनितालियाचे पैसे आहेत. रूळ तेच, स्टेशनं तीच, वेग जवळपास तोच, गाड्या आणि तिकिटं वेगळी. आवलो मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये या मार्गावरून थांबवली. जुन्या ब्लॉगांवर तिचं नाव दिसेल, ती शोधण्यात वेळ घालवू नका.

चहाबाज | १० मार्च, ०८:०५

रेल्वेवेड्याने रात्री सव्वाबाराला एवढं टंकलंय म्हणजे सकाळी ऑफिसात झोपणार.

मधुमालती, शुक्रवार संध्याकाळ डोक्यातून काढा. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ या दोन वेळा सगळ्यात महाग. नोकरीवाले घरी जातात, पोरंटोरं वीकेंडला निघतात. त्यात १५ मे हा माद्रिदचा ग्रामदेवतेचा दिवस, सान इसिद्रो, शहराला सुट्टी. त्याच्या आगेमागे येत असाल तर आणखीच गर्दी. मंगळवार-बुधवार दुपारची गाडी बघा, आकडे बघून स्वतःच हसाल.

मधुमालती | १० मार्च, ०९:३०

बघितलं. बुधवारी दुपारी एकच्या सुमाराची गाडी शुक्रवारच्या निम्म्याहून कमी दरात आहे. हसले नाही, पण नवऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला.

पण मग तिन्हींतली कुठली? सगळ्यात स्वस्त विगो दिसतेय.

सांत्सकर | १० मार्च, १३:२०

मी मूळची सांगलीची, सध्या बार्सेलोनात, सांत्स स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. कामासाठी माद्रिदला जा-ये असते, त्यामुळे तिन्हींत बसून झालंय.

तुमच्या साबुंचा गुडघा आणि चार बॅगा हे दोनच मुद्दे धरले तर मी विगो घेणार नाही. गाडी वाईट नाही, स्वच्छ आहे, वेळेवर असते. पण ती दुमजली आहे. डब्यातून डब्यात जायची वाट वरच्या मजल्यावरून, कॅफे वर. खालच्या मजल्यावरची जागा निवडून घेता येते, त्याचे पैसे वेगळे. शिवाय मूळ तिकिटात एक छोटी केबिन बॅग आणि एक हातातली पिशवी एवढंच. मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. तिकीट, जागा, बॅगा अशी बेरीज सहा जणांची करून बघा, मग ती खरंच स्वस्त राहते का ते कळेल. एकटा विद्यार्थी पाठपिशवी घेऊन निघाला असेल तर डोळे मिटून विगो.

रेन्फेच्या आवेत माणशी तीन नग, सगळे मिळून २५ किलोपर्यंत, आणि एक बॅग ८५ × ५५ × ३५ सेंटीमीटरपर्यंत चालते. आपल्याकडच्या मोठ्या सूटकेसा यात सहज बसतात. वजन करताना कुणाला पाहिलं नाही, पण म्हणून तीस किलोची बॅग आणू नका, ती उचलून गाडीत चढवायची तुम्हालाच आहे. हमाल नाहीत.

इर्योच्या गाड्या लाल रंगाच्या, इटालियन फ्रेच्यारोसा जातीच्या, एकमजली. आसनं मला तिन्हींत जास्त आवडतात. तुमच्यासाठी आवे किंवा इर्यो, त्या दिवशी जी स्वस्त असेल ती.

आणि साबुंसाठी मदत मागा. स्टेशनं चालवणाऱ्या आदिफ संस्थेची 'आसेर्का' नावाची सेवा आहे, व्हीलचेअरसकट, फुकट. तिकीट काढल्यावर आधी नोंदवून ठेवायची. माणूस तुम्हाला प्रवेशदारापाशी भेटतो आणि डब्यात बसवून देतो. यात संकोच कसला? आतोचात मुख्य दारापासून फलाटापर्यंतची चाल धडधाकट माणसालाही कमी वाटत नाही.

कोथरूडचे_काका | १० मार्च, १९:१०

सांत्सकरताईंशी शब्दशः सहमत. सौ. आणि मी दोघंही सत्तरीचे. व्हीलचेअर घ्यायला मला लाज वाटत होती, सौ.ने ऐकलं नाही. रांगेत उभं राहणं वाचलं, हे सगळ्यात मोठं सुख. शिवाय तो मुलगा माझ्याशी खाणाखुणांनी फुटबॉलवर बोलत होता, तो रेआलवाला की बार्सावाला हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

६० वर्षांपुढच्यांसाठी रेन्फेचं 'तारखेता दोरादा' नावाचं कार्ड असतं, सहा युरोंना, वर्षभर चालतं. त्यावर तिकिटात सूट मिळते. एकाच प्रवासासाठी घ्यावं का, हे तिकिटाच्या रकमेवर ठरवा. दोन-तीन टप्पे असतील तर सरळ फायदा.

चहाबाज | १० मार्च, २१:४५

व्हिसाबद्दल कुणीच बोललं नाही. माझं मत: व्हिसा हातात येईपर्यंत एक छदामही घालवू नका. व्हिसासाठी मुक्कामाचं आरक्षण आणि विमानाचा तपशील द्यावा लागतो, मधल्या रेल्वेचं तिकीट नसलं तर अर्ज अडत नाही. प्रवासाच्या आराखड्यात 'माद्रिद ते बार्सेलोना, रेल्वेने, अमुक तारीख' एवढं लिहा, पुरे.

अबोली_२३ | ११ मार्च, ००:०५

चहाबाज, पण थांबलं तर दर चढतात ना? सहा तिकिटं आहेत. माणशी तीस युरो जास्त पडले तर १८० युरो झाले.

चहाबाज | ११ मार्च, ०७:५०

आणि व्हिसा एकाचा अडकला तर सहाच्या सहा तिकिटं पाण्यात. मागच्या खेपेला आमच्या ग्रुपमधल्या एकाचा पासपोर्ट निघायच्या आदल्या दिवशी हातात आला होता. रक्तदाब कुणाचा वाढला असेल ते ओळखा.

सांत्सकर | ११ मार्च, १४:००

दोघांचं भांडण रेन्फेच्या तिकिटाच्या प्रकारांत मिटतं. 'बासिको' सगळ्यात स्वस्त, ते रद्द केलं तर पैसे गेले समजा. 'एलिखे' थोडं महाग, पण रद्द केलं तर काही रक्कम कापून बाकीची परत मिळते. जोखमीची आत्ता किंमत मोजायची असेल तर एलिखे घ्या, नाहीतर व्हिसापर्यंत थांबून बासिको. बुधवारी दुपारी गाड्या भरपूर असतात, एप्रिलच्या मध्यापर्यंत दर आभाळाला भिडतील असं मला वाटत नाही. ऐन शेवटच्या आठवड्यात मात्र आवेचं तिकीट शंभरच्या वर जातं, तिथपर्यंत ताणू नका.

आपल्याकडे जसं साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडतं आणि सगळे तुटून पडतात, तसं इथे नाही. कंपन्या आपापल्या सोयीने काही आठवड्यांचं वेळापत्रक एकदम विक्रीला काढतात. कधी तीन महिने आधी, कधी त्याहून आधी. वेटिंग, आरएसी, तत्काळ असलं काही नाही. जागा आहे किंवा नाही.

अबोली_२३ | ११ मार्च, २१:३०

पैसे भरण्याबद्दल. मी एका कंपनीच्या साइटवर आपल्या बँकेचं क्रेडिट कार्ड टाकत होते आणि पान तीनदा फिरून परत पहिल्या पायरीवर. शेवटी लक्षात आलं की दोन गोष्टी तपासायच्या. एक, कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डांवर ते मुळात बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. दुसरं, साइट स्पॅनिशमधून इंग्रजीत बदलून मग पहिल्यापासून सुरुवात करायची. अर्ध्यात भाषा बदलली की सगळं पुसलं जातं.

तरीही नाहीच झालं तर ट्रेनलाइन किंवा ओमिओसारख्या ठिकाणी काढा. थोडं शुल्क जास्त घेतात, पण आपली कार्डं मुकाट चालतात आणि तिन्ही कंपन्या एकाच पडद्यावर दिसतात.

अजून एक गंमत. नावाच्या फॉर्ममध्ये आडनावासाठी दोन रकाने असतात, कारण स्पेनमध्ये माणसाला वडिलांकडचं एक आणि आईकडचं एक अशी दोन आडनावं. माझ्या नवऱ्याने दुसऱ्या रकान्यात सासऱ्यांचं नाव टाकलं! काही बिघडलं नाही, पण सोपं हेच की पासपोर्टवरचं आडनाव पहिल्या रकान्यात, दुसरा रिकामा. 'गिव्हन नेम'मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर ते स्वतःच्या नावाच्या रकान्यातच जोडून टाका. पासपोर्ट क्रमांक नीट तपासा.

मधुमालती | ११ मार्च, २२:१५

अबोली, हे फार कामाचं. आमच्या साबांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे, सगळं नाव एका ओळीत आहे. त्यांचं काय करू?

अबोली_२३ | ११ मार्च, २२:४०

ओळीतला शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात टाका. रेल्वेत विमानाइतकं काटेकोर नसतं, पण क्रमांक अचूक हवा आणि पासपोर्ट जवळ हवा.

रेल्वेवेडा | १२ मार्च, ००:३०

आता स्टेशनवर प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो, कारण आपल्याकडच्या सवयीने तिथे गेलं की गोंधळ उडतो.

आतोचाला दोन जग आहेत. एक उपनगरी गाड्यांचं, 'सेरकानियास', आणि एक लांब पल्ल्याचं, 'पुएर्ता दे आतोचा'. पाट्या बघत लांब पल्ल्याच्या बाजूला या. जुन्या १८९२ च्या लोखंडी-काचेच्या कमानीखाली आता गाड्या नाहीत, ताडामाडांची उष्णकटिबंधीय बाग आहे. लेकीला ती जरूर दाखवा. पूर्वी तिथल्या तळ्यात कासवं असायची, ती २०१८ मध्ये हलवली, त्यामुळे तिला आधीच कासवांचं आमिष दाखवू नका.

मग बॅगा क्ष-किरण यंत्रातून जातात. ही तपासणी विमानतळाएवढी कडक नाही, पाण्याची बाटली चालते, बूट काढावे लागत नाहीत. पण रांग असते. त्यानंतर प्रतीक्षागृह. तिथे मोठ्या फलकावर तुमच्या गाडीसमोर 'विया' म्हणजे फलाट क्रमांक साधारण वीस मिनिटं, अर्धा तास आधी उमटतो. तोवर सगळा जमाव मान वर करून उभा, आणि आकडा आला की एकदम हलतो. फलाटाच्या तोंडाशी तिकीट स्कॅन होतं.

दार गाडी सुटायच्या आधी बंद होतं, हे साबुंना नीट समजावा. धावत येऊन डब्याचा दांडा पकडायची सोय नाही. तुमच्यासारख्या लवाजम्याने पाऊण तास आधी स्टेशनात असावं.

डब्याचा क्रमांकही बघा. गर्दीच्या वेळी दोन गाड्या नाकाला नाक लावून जोडलेल्या असतात आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. चुकीच्या अर्ध्यात चढलात तर वाटेतल्या झारागोझा शहरापर्यंत तिथेच, तीही गाडी थांबणारी असेल तर.

कोथरूडचे_काका | १२ मार्च, ०९:००

झारागोझाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मधल्या वाटेत अर्धा दिवस काढता आला तर नक्की उतरा. एब्रो नदीच्या काठी एल पिलारचं भव्य मंदिर. म्हणजे बॅसिलिका. आत घुमटावर गोयाने रंगवलेलं चित्र आहे, तो तिथल्याच जवळच्या फुएन्देतोदोस गावचा. आणि खांबाजवळ भिंतीवर दोन खरे बॉम्ब टांगलेत! यादवी युद्धात १९३६ मध्ये मंदिरावर टाकले, पण फुटले नाहीत. भाविक त्याला देवीची कृपा म्हणतात. सौ.ने तिथे हात जोडले, मीही जोडले.

स्टेशनपासून चालत जाण्यासारखा अल्हाफेरिया राजवाडा, अकराव्या शतकातला, मुस्लिम राजांचा. ग्रानादाला अल्हाम्ब्रा राजवाडा बघायला जाणं जमत नसेल तर तसली नक्षी इथे डोळे भरून बघता येते. त्याच वास्तूत आज आरागोन प्रांताची विधानसभा बसते.

चहाबाज | १२ मार्च, १०:२५

काका, तुमचा उत्साह मान्य. पण सहा माणसं, चार बॅगा, एक गुडघा. बॅगा लॉकरमध्ये टाका, बाहेर पडा, उन्हात फिरा, परत या, पुन्हा तपासणी, पुन्हा रांग. आणि इथे एकाच तिकिटावर मध्ये उतरून पुढची गाडी पकडता येत नाही, दोन वेगळी तिकिटं काढावी लागतात. म्हणजे बारा तिकिटं. मी तर म्हणेन खिडकीतून नमस्कार करा.

कोथरूडचे_काका | १२ मार्च, ११:१०

खिडकीतून पिलार दिसत नाही हो. स्टेशन गावाच्या एका बाजूला आहे, आणि न थांबणाऱ्या गाडीला तर तेही दिसत नाही, ती गावाबाहेरच्या वळणमार्गाने निघून जाते.

सांत्सकर | १२ मार्च, १३:४०

काका बरोबर आणि चहाबाजही बरोबर. मधुमालती, या खेपेला नको. पण दोघंच कधी आलात तर उतरा, एक रात्र राहा, संध्याकाळी एल तुबोच्या गल्ल्यांत तापास खा.

आता खाण्याकडे वळते, कारण साबांची मला खरी काळजी आहे. गाडीतल्या कॅफेत त्यांना कॉफी, फळ, चिप्स, बिस्किटं याच्यापलीकडे फारसं काही मिळणार नाही. बोकादियो म्हणजे लांबट पावातलं सँडविच, त्यात हॅम किंवा बटाट्याचं ऑम्लेट. आणि ज्या सँडविचवर 'वेहेताल' लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, त्यात सर्रास टुना मासा आणि उकडलेलं अंडं असतं. 'मांस नको' म्हटलं तर मासा देतात, आणि त्यांना त्यात काही चूक वाटत नाही. 'नि कार्ने, नि पेस्कादो, नि उएवो' एवढं कागदावर लिहून ठेवा: मांस नाही, मासा नाही, अंडं नाही.

घरचं खाणं गाडीत नेता येतं, कुणी हरकत घेत नाही. आतोचापासून लावापिएस वस्ती चालत दहा मिनिटांवर आहे, तिथे भारतीय आणि बांगलादेशी खानावळी भरपूर. दुपारी एकची गाडी असेल तर आदल्या संध्याकाळीच तिथून पराठे बांधून घ्या. पुणेकर असाल तर दशम्या, मेतकूट बॅगेत असणारच.

मधुमालती | १२ मार्च, १४:०५

ठाणेकर! पण धपाटे असतील. लसणाची चटणी डब्यात उघडली तर डबाभर वास सुटेल, त्याचं काय?

चहाबाज | १२ मार्च, १४:१०

शेजारचा स्पॅनिश माणूस रेसिपी विचारेल.

सांत्सकर | १२ मार्च, १४:३०

चटणीचं माहीत नाही, पण आवेत 'शांतता डबा' असतो, तिथे चुकूनही जागा घेऊ नका. फोन नाही, मोठ्याने बोलणं नाही. एका मराठी कुटुंबाला मी त्या डब्यात बघितलंय, मुलाला 'खाली बस' हेसुद्धा कुजबुजत सांगत होते बिचारे. जागा निवडताना नकाशात समोरासमोर चार जागांचं टेबल दिसतं का बघा. लेक, साबा-साबु आणि एक जण तिथे, उरलेले दोघं पलीकडच्या बाजूला.

बॅगांचे रॅक डब्याच्या टोकाला असतात. पारपत्र, पैसे, औषधं पाठीवरच्या पिशवीत, आणि ती पायाशी. गाडी मध्ये कुठे थांबली की एकाने उठून रॅकवर नजर टाकावी. सांत्सला उतरल्यावर तर विशेष सांभाळा. तिथे फोनवर नकाशा बघत उभ्या असलेल्या पाहुण्याच्या पायाजवळची पिशवी गायब होणं नवीन नाही.

रेल्वेवेडा | १३ मार्च, ००:४५

अवांतर करतो, चहाबाजने पुढे स्क्रोल करावं.

स्पेनच्या जुन्या रुळांची रुंदी १६६८ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजची १६७६. फरक फक्त आठ मिलिमीटरचा! पण वेगवान गाड्यांसाठी त्यांनी १९९२ मध्ये माद्रिद-सेव्हिया मार्ग बांधताना युरोपातली १४३५ ची रुंदी घेतली, पुढे फ्रान्सला जोडता यावं म्हणून. आपला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्गही १४३५ चाच होतोय. दोन रुंदी सांभाळायच्या म्हणून स्पेनने चालत्या गाडीची चाकं जवळ-लांब करणारं तंत्र काढलं. तालगो कंपनीची अशी गाडी १९६९ पासून बार्सेलोनाहून जिनिव्हाला जायची.

तीच तालगो २०१६ मध्ये आपल्याकडे चाचणीला आली होती. मथुरा-पलवल टप्प्यात ताशी १८० किमी गाठले, आणि सप्टेंबरात दिल्लीहून बारा तासांच्या आत मुंबई सेंट्रलला पोचली. मी फलाटावर फोटो काढत होतो.

चहाबाज | १३ मार्च, ०७:३०

स्क्रोल केलं नाही, वाचलं. आता कुणाला तरी ऑफिसात ऐकवणार.

अबोली_२३ | १३ मार्च, १०:००

एक राहिलं. रेन्फेच्या लांब पल्ल्याच्या तिकिटावर माद्रिद आणि बार्सेलोनातल्या उपनगरी गाडीचा प्रवास फुकट मिळतो, 'कोम्बिनादो सेरकानियास'. तिकिटावर एक कोड असतो, तो स्टेशनातल्या यंत्रात किंवा ॲपमध्ये टाकून छोटं तिकीट काढायचं. आवे सुटायच्या आधी आणि पोचल्यानंतर ठरावीक तासच चालतं. माद्रिदमध्ये सोल चौकाजवळ राहत असाल तर तिथून आतोचा एकच स्थानक.

मधुमालती | १३ मार्च, २१:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. नवरा शरण आलाय, रेल्वेच. बुधवार दुपार, आवे किंवा इर्यो, व्हिसा आल्यावर बासिको. आसेर्का नोंदवणार. साबुंना व्हीलचेअरचं सांगितलं तर म्हणाले, 'मी काय म्हातारा झालोय का?' काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा जरा विरघळले.

युरोपभर रेल्वेने फिरायच्या युरेल पासचं एकीने सुचवलं होतं. त्यात काही अर्थ आहे का?

सांत्सकर | १४ मार्च, १३:१५

एका टप्प्यासाठी अजिबात नाही. पास असला तरी आवेत आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, आणि विगो-इर्योत तो चालतच नाही.

निळावंती | २ एप्रिल, १९:५०

धागा वर काढतेय. आम्ही माद्रिदहून बार्सेलोनाऐवजी आधी व्हॅलेन्सियाला जातोय. हॉटेल आतोचाजवळ घेतलंय, म्हणजे सगळं असंच लागू होईल ना?

रेल्वेवेडा | २ एप्रिल, २०:०५

थांबा! तिकिटावरचं स्टेशन बघा आधी. व्हॅलेन्सिया आणि आलिकान्तेच्या बऱ्याच गाड्या चामार्तीनहून सुटतात. ते शहराच्या उत्तर टोकाला आहे. आतोचाहून उपनगरी गाडीने पंधरा-वीस मिनिटं, पण त्या आधी फलाट शोधणं आणि नंतर चामार्तीनला पुन्हा तपासणीची रांग. तिथे बांधकामही चालू आहे, वाटा बदलत राहतात. तासभर हाताशी ठेवा.

निळावंती | २ एप्रिल, २०:२०

अरे देवा, चामार्तीनच आहे. सकाळी ७:४० ची.

चहाबाज | २ एप्रिल, २०:२५

मग आदल्या रात्रीच टॅक्सी सांगून ठेवा. आणि नाश्ता तपासणीच्या पलीकडे गेल्यावर.